अंगावरून वारं गेलेल्या पायाला सुयांचा उपयोग किती?

१ जूनला ट्रॉलर जेटीला बांधले, होड्या वर ओढल्या की आपल्याकडे जाळी शिवायचे, इंजिन उघडायचे आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी बघायचे दिवस सुरू होतात. यंदाच्या बंदीत तीन घरांतून एकच प्रश्न आला. घरच्या माणसाच्या अंगावरून वारं गेलंय, पाय उचलत नाही, अ‍ॅक्युपंक्चर करून बघू का? त्यातल्या एका घराला कुणीतरी वीस बैठकांचं पॅकेज सांगितलंय, पाय शंभर टक्के सुटेल अशी हमी देऊन. इंजिनाच्या कामाला बाजूला ठेवलेले पैसे काढून ते भरायला निघालेत. म्हणून आम्ही हा विषय नीट वाचला, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारलं. समजलं ते मांडतो.

पहिली गोष्ट, बिघाड पायात नसतो. सुकाणूचं पातं शाबूत आहे, पण केबिनमधून त्याच्याकडे जाणारी तार तुटली तर होडी वळेल का? तसंच हे. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, त्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथून निघणारा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. डाव्या मेंदूला झालं तर उजवी बाजू जाते, उजव्याला झालं तर डावी. मेलेला भाग परत जिवंत होत नाही. पण शेजारचा भाग ते काम हळूहळू शिकतो, आणि शिकतो तो एकाच गोष्टीने, पुन्हा पुन्हा करून. पहिल्या तीन महिन्यांत हा सुधार सगळ्यात जोरात असतो. नंतरही होतो, पण सावकाश.

आता सुया. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, तिथे आणि अशाच इतर जागी बारीक सुया टोचून वीस-तीस मिनिटं ठेवतात. काही जण डोक्याच्या कातडीतही टोचतात, काही सुयांना हलका करंट देतात. विद्या चीनची, पण आपला धागा त्यात आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजोय बसू यांनी पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये हे तंत्र शिकून कलकत्त्यात सुरू केलं.

गुण येतो का? जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये ३१ चाचण्या, मिळून २२५७ रुग्ण, एकत्र पाहिले. नेहमीच्या उपचाराला सुयांची जोड दिलेल्यांत थोडा जास्त सुधार दिसला, पण बहुतेक चाचण्या कच्च्या होत्या. आणि ज्या दोन चाचण्यांत काही रुग्णांना खऱ्या आणि काहींना नुसत्या दिखाऊ सुया दिल्या होत्या, तिथे हालचालीत फरक सापडला नाही. म्हणजे सुया अगदीच फुकट असं आम्ही म्हणत नाही. काहींना बरं वाटतं, वाटू दे. पण शंभर टक्क्यांची हमी देणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं नक्की.

व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. काहींना पट्ट्यांनी वर तोलून महागड्या ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन व्यायाम करून घेतला. वर्षानंतर दोन्हीकडे सारखाच गुण, आणि एकूण निम्म्याहून जास्त लोकांचं चालणं सुधारलेलं. मशीन लागलं नाही, घरचा व्यायाम पुरला.

घरी काय करायचं ते फिजिओकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. खुर्चीवरून उठणं-बसणं हा त्यातला मोठा व्यायाम. माणूस सगळा भार चांगल्या पायावर टाकून उठतो, ती सवय मोडायला लागते, म्हणून शेजारी कोणीतरी हवं. पंजा खाली लोंबून अडखळत असेल तर पावलाला आधार देणारी पट्टी मिळते, विचारा. आणि उठवताना दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आपल्याकडे मायेनं हेच जास्त होतं.

तरी सुया करायच्याच असतील, तर व्यायाम चालू ठेवून करा. सुई नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर करंट नको. त्या पायाला जाणीव कमी असते, तिथे शेक घेतला तर भाजलेलं कळत नाही. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे जाणार असाल तर महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, नोंदणी क्रमांक विचारा. बीपीची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. सुकी मासळी कमी करा हे लिहायला आम्हालाच जड जातं, पण मीठ त्यातच आहे.

एक चूक मात्र आपल्यातच घडली. सकाळी तोंड वाकडं झालेलं दिसलं आणि घरच्यांनी माणसाला आधी सुयावाल्याकडे नेलं, इस्पितळात संध्याकाळी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी वेळ बघून ठेवा आणि १०८ लावा. समुद्रात असाल तर व्हीएचएफ १६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४. तोंडात पाणीही घालू नका.

पॅकेजवाल्या घराला आम्ही सांगितलं, इंजिनाचे पैसे तिथेच राहू द्या. हवं तर पाचच बैठका घ्या आणि मोजा. अंगणात दहा मीटर दोरीने आखा, दर रविवारी त्याच वेळी चालायला लावा, मोबाईलवर सेकंद लावा. गेल्या रविवारी पहिल्यांदा मोजलं, काठी धरून ४८ सेकंद. डिझेलच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या सुनेनं लिहून ठेवलंय.