माती उपाशी ठेवू नकोस

अगं, मृग लागायला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. एकदा पाऊस धरला की तुला मान वर करायला फुरसत मिळायची नाही. लग्न होऊन मोखाड्याला गेलीस आणि घरच्यांनी उतारावरच्या वरकसाचा एक तुकडा अन् भातखाचराची एक पट्टी तुझ्या हवाली केली, याचा मला फार आनंद झाला. तू विचारलंस, "ताई, खत कुठलं आणू?" खताचं नंतर बोलू. आधी तुझ्या मातीत कोण राहतं ते ऐक, कारण खरं राबणार आहेत ते.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे धागे, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव. तू शेतात टाकलेला पाला किंवा शेण पिकाला जसंच्या तसं घेता येत नाही. हे जीव ते खातात, कुजवतात, तेव्हा कुठे त्यातलं नत्र आणि स्फुरद मुळाला लागू पडतं. त्यांना तीन गोष्टी हव्यात: खायला, ओल आणि हवा. आपल्याकडे पंचाईत अशी की जव्हार-मोखाड्याला चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने माळ नुसता भाजत राहतो. माती पातळ, तांबडी, खाली लगेच मुरूम. म्हणजे या जिवांना वर्षातला थोडाच काळ कामाला मिळतो. तो काळ वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

पहिली सर येते तेव्हा मातीचा वास सुटतो ना, तो बऱ्याच अंशी या जिवांचाच. स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू तो वास देणारा पदार्थ तयार करतात. याच कुळातल्या जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि क्षयाच्या रोग्यांना पहिल्यांदा खरं औषध मिळालं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, आणि त्या जिवाणूच्या नावात पिंपरीचं नाव आलं. म्हणून 'जंतू' म्हटलं की नाक मुरडू नकोस.

आता या पहिल्या पावसाचं नीट ऐक. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या मातीत कितीतरी जीव मरून पडलेले असतात. पाणी मिळालं की जगलेले जीव एकदम उठतात, मेलेल्यांवर आणि साठलेल्या कुजकटावर तुटून पडतात, आणि थोड्याच दिवसांत भरपूर नत्र मोकळं होतं. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली हे मोजून दाखवलं. पण मोकळं झालेलं नत्र पाण्यात विरघळतं. तुझ्या उतारावर त्या वेळी पीक नसेल, बांध फुटलेला असेल, जमीन उघडी असेल, तर वर्षातली सगळ्यात मोठी कमाई पहिल्या दोन मोठ्या सरींबरोबर ओहोळात जाते. वर पुन्हा दुकानातून गोणी आणायची. हे मला फार लागतं गं.

म्हणून बांध पावसाआधीच दुरुस्त करून घे. दगड सुटले असतील ते बसव. उतारावर औत धरायचंच असेल तर आडवं धर, उभं नाही. गडी आज मोकळा आहे म्हणून महिनाभर आधी माळ उकरून ठेवू नकोस. पेरणीचं बी घरात तयार ठेव, म्हणजे वापसा आल्याबरोबर उडीद, तूर जमिनीत पडेल आणि ते नत्र धरायला मुळं हजर असतील.

भाताची रोपं वाढवायच्या जागेवर पाला-शेण जाळतात, त्या राबाचं विचारलंस. सासूबाई म्हणतात, राब भाजल्याशिवाय आवण होत नाही, आणि तू कुठेतरी ऐकलंस की भाजणं वाईट. दोघींनी भांडू नका. राबाची पद्धत अडाणीपणाची नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राबावर अभ्यास करून १९१२ साली तो छापला होता, इतका तो विषय मोलाचा मानला गेला. राबाच्या आचेनं तणाचं बी मरतं. वरच्या थरातले पुष्कळ जीव मरतात, त्यांच्या शरीरातलं नत्र सुटतं, राखेतून पालाश आणि चुना मिळतो. उरलेले जीव मग झपाट्यानं वाढतात. म्हणून राबावरचं रोप हिरवंगार, जोमदार दिसतं. सासूबाईंनी जे पाहिलंय ते खरंच आहे.

पण त्याची किंमतही बघ. शेण, पाला, ऐनाचे टहाळ, गवत असं सगळं त्या एवढ्याशा तुकड्यावर रचून जाळायचं. त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं आणि जिवांनी खायचं अन्नही तिथेच संपतं. जंगलातून ते ओझं डोक्यावर वाहून आणणारीही तूच. तेव्हा यंदा असं कर. आवणाचा अर्धा तुकडा सासूबाईंच्या पद्धतीनं भाजू दे. उरलेल्या अर्ध्यात गादीवाफा कर, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळ, तण दोनदा हातानं काढ. दोन्हीकडचं रोप शेजारी शेजारी ठेवून सासूबाईंनाच बघू दे. पुढच्या वर्षी राब केवढा करायचा ते त्याच ठरवतील. तिथे तू गप्प राहिलीस तरी चालेल.

उडदाची एक गंमत करून बघ. पेरणीला महिना-सव्वा महिना झाला, फुलं यायच्या बेताला आली, की एक झाड ओल्या मातीतून अलगद उपट. ओढू नकोस, खुरपं घालून मातीसकट उचल आणि पाण्यात हलव. मुळांना बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोड. आत गुलाबी-लाल निघाली तर समज, रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहे, पण भाताला किंवा नागलीला ते घेता येत नाही. हे जिवाणू ते हवेतून ओढतात आणि उडदाला देतात, उडीद त्यांना साखर देतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच नसल्या, तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट लाव. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायचं आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं. उन्हात ठेवलंस तर ते मरतील. बियाण्याला औषध लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. पाकिटावरची मुदत वाच. आणि दुकानात पत्र्याखाली तापत पडलेलं पाकीट कुणी कितीही गोड बोलून दिलं तरी घेऊ नकोस. मेलेल्या जिवाणूंना पैसे कशाला द्यायचे? शंका असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार, मातीही तपासून घे.

खाचराचा न्याय वेगळा. तिथे पाणी उभं, म्हणजे चिखलात हवा नाही. तिथे हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य. तू वरून युरिया फेकलास तर त्याचं नत्र पाण्याला लागून असलेल्या पातळ थरात एक रूप घेतं, खाली उतरतं, आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. तुझे पैसे बुडबुड्यांतून गेले. त्यासाठी डॉ. एन. के. सावंत यांची भात लावणीची चारसूत्री पद्धत बघ. चार चुडांच्या मधे युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची, लावणीच्याच दिवशी. खोल चिखलात ते नत्र टिकतं आणि मुळं तिथे पोचून घेतात. त्याच चारसूत्रीत गिरिपुष्पाचा पाला आहे. गुंठ्याला साधारण तीस किलो पाला चिखलणीच्या आधी पसरून गाडायचा. तो चटकन कुजतो. या पावसात बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या लाव, शेळ्यांपासून पहिली दोन वर्षं जप, मग पाल्यासाठी डोंगर चढायला नको. खाचराच्या पाण्यात हिरवं-निळसर शेवाळ दिसलं तर घाबरू नकोस. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिलं की भाताच्या शेतातलं नील-हरित शेवाळ हवेतलं नत्र धरतं. ते फुकटचं खत आहे.

वरकसावर नागली-वरई लावशील तेव्हा मुळांचा विचार कर. बुरशीचे बारीक धागे मुळांना चिकटतात आणि जिथे मूळ पोचत नाही तिथून स्फुरद आणून देतात. आपल्या तांबड्या मातीत स्फुरद असतं, पण लोहाला घट्ट धरून बसलेलं, म्हणून या धाग्यांचं मोल फार. जमीन पुन्हा पुन्हा उलथली की ते तुटतात. कर्जतजवळ नेरळला सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी जे तंत्र बसवलं, त्याचा गाभा हाच आहे. कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच. त्यात तणनाशक वापरतात. तू ते लगेच उचलावंस असं मी म्हणत नाही. पण कापल्यावर धसकटं उपटू नकोस, जाळू नकोस, एवढं तर फुकटात होतं. मूळ जागच्या जागी कुजलं की जिवांना जेवण मिळतं आणि पाणी मुरायला वाटही होते.

जीवामृत करायचं म्हणतेस, कर. सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं प्रमाण सोपं आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेव, काठीनं रोज ढवळ, आठवड्याच्या आत वापर. पण खुळी आशा धरू नकोस. उघड्या, भाजलेल्या मातीवर ते ओतलंस तर त्या जिवांनी खायचं काय? पाहुण्यांना बोलावून चूल बंद ठेवण्यासारखं आहे ते. आधी पाल्याचं आच्छादन, शेणखत, मुळं, मग जीवामृत. जव्हार भागात बायफ संस्थेच्या आंबा-काजूच्या वाड्या झाल्या आहेत. एखादीत जाऊन झाडाखालचा पाला बोटानं बाजूला कर. पांढरे धागे आणि काळसर, भुसभुशीत, ओलसर माती दिसेल. तुझ्या तुकड्यावर तशी माती हवी.

फरक मोजायला तपासणीचे पैसे नकोत. जुन्या सुती लुगड्याच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या फाड. पाऊस स्थिरावला की एक उघड्या माळावर आणि एक झाडाखालच्या पाल्यात, दोन्ही वीतभर खोल पूर, जागेवर काठी रोव. दोन महिन्यांनी उकर. जिथे जीव भरपूर, तिथली पट्टी विरून चिंध्या झालेली असेल. जिथे ती बरीचशी शाबूत निघेल, तिथे पुढच्या वर्षी शेणखत आधी टाक.

एक काळजीचंही सांगते. मातीतले सगळेच जीव आपले नव्हेत. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच असतात, तेव्हा खुरपं लागलं तर जखम साबणानं धू आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घे. खाचरात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. पायाला चीर असेल तर ती झाकल्याशिवाय चिखलात उतरू नकोस, आणि लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठ. पिकापेक्षा तू मोठी आहेस मला.

दिवाळी झाली की तुमच्याकडची निम्मी घरं वीटभट्टीच्या वाटेला लागतात, तुमचंही ठरेल कदाचित. जायच्या आधी दोन कामं उरकून जा. भात कापल्यावर खाचरात ओल आहे तोवर वाल किंवा हरभरा टाक, म्हणजे कडधान्याची मुळं आणि त्यांच्या गाठी जमिनीत राहतील. आणि गोठ्यातलं शेण उकिरड्यावर उन्हात वाळत टाकू नकोस. सावलीत खड्डा करून पाल्याचा एक थर, शेणाचा एक थर असं भर, पाणी शिंपड, वरून माती लिंप. परत येशील तेव्हा खत तयार असेल, आणि मृगाच्या तोंडाला कुणाकडे उधारी मागायला जावं लागणार नाही.

सातबारा कुणाच्याही नावावर असो, बी कुठलं टाकायचं आणि शेणाचं काय करायचं हे घरात बायकाच ठरवतात. तो निर्णय तू हातचा सोडू नकोस. सगळं रान एकदम बदलायला जाऊ नकोस, घरचे बिथरतील आणि तूही थकशील. यंदा अर्धा वाफा, एक बांध आणि शेणाचा एक खड्डा, एवढंच धर. पण ते मनापासून कर, आणि उडदाची गाठ फोडलीस की आत कुठला रंग निघाला ते मला फोन करून सांग.