डी ड्राइव्ह कुठं गेला?

मी त्या माणसाला दोनदा बजावलं होतं, सी फॉरमॅट करा, डीला हात लावायचा नाही. एकदा साताऱ्यात, त्याच्या दुकानात लॅपटॉप देताना, आणि एकदा सांगलीहून फोनवर. आता तो म्हणतो, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, सगळं क्लीन करा." मी असं म्हणालेली नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार म्हणून सगळीकडे धास्ती होती. माझा लॅपटॉप 2015 चा. पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज 11 च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात, शिवाय टीपीएम 2.0 लागतं. म्हणजे माझं मशीन बसतच नव्हतं. त्यानं तपासणीला बगल देऊन 11 घातलं आणि मला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. मग ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, ती कुठं राहिली? आणि घरगुती वापरासाठी विंडोज 10 लाच 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळत होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नव्हते. रोज हेच काम करणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी येऊन लॅपटॉप लावला. सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं. 'धिस पीसी' उघडलं तर एकच ड्राइव्ह, सी. बंद करून पुन्हा उघडलं. एकच. हातपाय गार पडले. सात वर्षांच्या लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायट्यांची इतिवृत्तं, सगळं डीमध्ये होतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, आणि गिऱ्हाइकं दारात.

फोन केला. आधी म्हणाला, "रिस्टार्ट करत राहा, दिसेल." मग, व्हायरस असणार. तिसऱ्यांदा म्हणाला, "साहेबांना फोन द्या, त्यांना समजावतो." काम माझं, लॅपटॉप माझा, पैसे मी मोजलेले. साहेबांना काय समजावणार होता?

त्याचं ऐकून दोन दिवस मशीन चालू ठेवलं, तेच अंगलट आलं. फाइली गेल्या असं दिसलं की तत्क्षणी मशीन बंद करा. पुसलेला मजकूर अशा फिरत्या डिस्कवर बराच काळ असतो, पण वर नवीन काही लिहिलं गेलं की तो कायमचा जातो. नेट लावलं की विंडोज अपडेट उतरवून आपणहून लिहीतच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. जुन्या डिस्कवर नवी विंडोज घालूच नका. नवीन एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर घालायला लावा आणि जुनी डिस्क काढून घरी आणा. मशीनचा वेगही सुधारतो. बॅकअप घ्या, बिल घ्या, घाई करू नका, हे तर आहेच.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी फाँटही जपावेत. माझ्या काही फाइली पेनड्राइव्हवर वाचल्या होत्या, पण जुन्या फाँटमधल्या. त्या फाँटमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. फाँट गेला की पानभर नुसती चिन्हं. युनिकोडमधला 'क' कुठल्याही मशीनवर 'क'च राहतो. म्हणून सीमधल्या विंडोजच्या फोल्डरातलं फाँट्सचं फोल्डर आधी कॉपी करा, आणि जुना मजकूर वेळ मिळेल तसा युनिकोडमध्ये आणा.

सांगलीतल्या एकानं डिस्कवरून काही फाइली काढून दिल्या. नावं गेली आहेत, नुसते आकडे. रोज रात्री एकेक उघडून बघते. दोन पत्रिका पुन्हा टाइप कराव्या लागल्या, त्यांचे पैसे मी घेतले नाहीत. साताऱ्याच्या दुकानदारानं मात्र त्याचे पूर्ण घेतले.