औषधाची शिदोरी

पूर्वीचा वाटसरू शिदोरी बांधताना एकाच वेळेपुरत्या भाकरी कधी बांधीत नसे. नदीला पूर आला किंवा गाडीचा आस मोडला, तर रात्र वाटेतच काढावी लागेल, हे तो जाणून असे. आज वाहने वेगवान झाली. परंतु वाट अडावयाची थांबली नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. लोहमार्ग पाण्याखाली गेले. सकाळी डबा घेऊन कामास गेलेल्या असंख्य माणसांना ती रात्र कचेरीत, शाळेत, नाही तर अनोळखी कुटुंबाच्या घरी काढावी लागली. मुंबईकरांनी एकमेकांना चहा दिला, बिस्किटे दिली. पण ज्याची रात्रीची गोळी घरच्या कपाटात राहिली असेल, त्याला ती कोणी द्यावी? भाकरी वाटून खाता येते. एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

जुलै २०१९ मध्ये कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली व सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी जड पेटी मागेच राहण्याचा संभव अधिक. म्हणून जादा औषध पेटीत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत असावे.

प्रत्येक औषधाचा खंड सारखाच बाधतो असे नाही. थायरॉईडच्या गोळीचा अंश शरीरात बरेच दिवस टिकतो. ती एक दिवस चुकली तर सहसा संकट ओढवत नाही. अपस्माराचे औषध चुकले, तर मात्र थांबलेला झटका पुन्हा येऊ शकतो. सर्वांत नाजूक प्रकरण इन्शुलिनचे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. ज्याच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, अशा मुलाला एका दिवसाचा खंडही धोक्याचा. शिवाय ते उन्हाने बिघडते आणि गोठले तरी निकामी होते. बर्फाला चिकटवून ठेवणे हा उपाय नव्हे.

एखादी गोळी सुटी काढून कागदाच्या पुडीत बांधण्याची पुष्कळांना सवय असते. ती वाईट. सुट्या गोळीवर ना नाव, ना मुदत. परगावच्या डॉक्टरांनी ती ओळखावी कशी? नाव छापलेली पट्टीच घ्यावी, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल ठेवावी. एखादी वेळ चुकलीच, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढच्या वेळी दुप्पट औषध घेऊ नये.

पिशवीतील औषधही जुने होते. जाणती गृहिणी आधी जुने तांदूळ संपविते, मग नव्या पोत्याला हात लावते. त्याच रीतीने पिशवीतली पट्टी अधूनमधून घरी वापरून तिच्या जागी ताजी ठेवावी. हे काम घरातील मुलांना सहज जमते. आजोबा गावी निघाले की चष्मा त्यांच्या पिशवीत मुलेच ठेवतात. चष्म्याच्या घराशेजारी ही पट्टी सहज मावते.