लसणाची पात येते, गड्डा का धरत नाही?

प्रश्न : जानेवारीअखेर कुंडीत लसूण लावला. पात भरपूर, पण गड्डे नाहीत. काय चुकले?

उत्तर : लावणीला उशीर झाला. लसणाला आधी थंडी हवी, मग मोठा होत जाणारा दिवस. म्हणून लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा. राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचे ‘भीमा पर्पल’ वाण मिळाल्यास उत्तम. बाहेरच्या जाड पाकळ्या निवडून, टोक वर ठेवून, दोन-तीन सेंटिमीटर खोल, दहा सेंटिमीटर अंतरावर लावा. चटणीसाठी पात सारखी खुडत असाल तर गड्डा पोसणार कसा? त्यासाठी वेगळी कुंडी ठेवा. गड्डे धरू लागल्यावर शेणखत, युरिया नको. साधारण चार महिन्यांनी पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा आणि पंधरवड्याने गड्डे पातीसकट उपटून सावलीत सुकवा.