नळाचा व्यास आणि विजेचे बिल

घरगुती तरणतलावाचे जुने नळ बदलताना दीड इंची घ्यावेत की दोन इंची, हे बहुधा प्लंबरवर सोडले जाते. कॉस्टिंग शिकणाऱ्यालाही त्यात रस वाटावा.

समजा, तलावात ८०,००० लिटर पाणी आहे व ते ८ तासांत एकदा गाळायचे आहे. म्हणजे ताशी १०,००० लिटर. आतून ४० मिलिमीटर व्यासाच्या नळात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर होतो, ५० मिलिमीटरच्या नळात १.४. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या नळात तो १.८ च्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. ओढ फार वाढली, तर पंपात बुडबुडे होऊन पंखा झिजतो. घर्षण तर व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते: व्यास सव्वापट केला की घर्षण सुमारे एक तृतीयांश!

मात्र मोठे नळ घालून जुनाच पंप तितकेच तास चालविला, तर तो अधिक पाणी फेकतो. बिल कमी न होता थोडे वाढतेही. बचत हवी असेल तर पंप लहान घ्यावा, नाहीतर तास कमी करावेत. खोदाईची मजुरी दोन्ही नळांना सारखीच पडते. फरक फक्त नळाच्या किमतीचा, तोही एकदाच. निदान ओढणारा नळ तरी दोन इंची घालावा, असे मला वाटते.