पाट हलावा, पाटाखालची जमीन नाही

बेस गिटार वाजवणाऱ्याचं दुखणं जुनंच आहे. कार्यक्रमात ऑक्टोपॅड आणि ढोलकीच्या गलबल्यात त्याला स्वतःची तार ऐकू येत नाही. घरी रात्री हेडफोन लावून बसावं, तर सूर कानात येतो पण अंगात येत नाही. मग कधीतरी पायाखाली थरथरणारा पाट करायचं डोक्यात येतं. शिरपूर जैनमध्ये मी तो करून घेतला आणि अजूनही त्यावरच उभा राहून वाजवतो. बघायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘किती वॅटचा?’ त्रास मात्र वॅटमुळे फारसा होत नाही.

पाटाखाली लागतो तो बेस शेकर. साध्या वूफरमध्ये कागदी कोन हलतो, शेकरमध्ये जड चुंबक हलतं आणि त्याचा उलटा झटका फळीला बसतो. गाडीतला जुना वूफर फळीला ठोकून भागेल असं सांगणारे भेटतात. भागत नाही. एवढासा हलका कोन उभ्या माणसाला काय हलवणार! फळीला 18 मिमी प्लाय घ्यावं, अडीच बाय दोन फूट, आणि खालून सागाच्या दोन पट्ट्या माराव्यात. शेकर लाकडाच्या स्क्रूने कसू नका, ते थरथरून ढिले होतात. आरपार नट-बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घाला.

सुरुवातीला पाट सरळ फरशीवर ठेवला होता. पायाला जेमतेम गुदगुली झाली, पण भिंतीपलीकडे शेजारच्या आजींच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणायला लागले, तेही ठरावीक सुरालाच. मोकळी ए तार छेडली की सुरू, तारेवर हात ठेवला की बंद. सकाळी आजींनी विचारलं, “काय रे बाबू, रातभर मोटर लावतं का घरात?” ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहानंतर लाउडस्पीकरला मनाई आहे, निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. माझ्याकडे तर स्पीकरच नव्हता. पण शेजाऱ्याची झोप काही नियम वाचून मोडत नाही.

उपाय सुतारमिस्त्रींच्या तोंडून आला. “भाऊ, आपल्या गावातला देव जमिनीले टेकत नाई म्हन्तेत, मंग तुमचा पाट काहून टेकोता?” अंतरिक्ष पार्श्वनाथांचं गाव आमचं. मूर्ती अधांतरी आहे ही श्रद्धा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. बोलले ते थट्टेत, पण नेमकं बोलले.

चार कोपऱ्यांखाली मऊ रबर हवं. किती मऊ, ते मोजता येतं. रिकाम्या पाटाची फरशीपासूनची उंची मोजा, मग वर उभं राहून दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घ्या. अडीच मिमी दबला तर पाट आणि तुम्ही मिळून सेकंदाला साधारण 10 वेळा डोलणारी स्प्रिंग होता, आणि त्याच्या दीडपटीहून वरचा कंप जमिनीत कमी कमी उतरतो. रबर कंपात थोडं कडक वागतं, म्हणून तीन मिमी धरलेले बरे. बेसची मोकळी ई तार 41 हर्ट्झची, पाच तारांच्या गिटारची बी 31ची, त्यामुळे मधे पुरेशी जागा राहते. कडक पॅड माणसाच्या वजनाने दबतच नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे थरावर थर ठेवत गेलं की माप सापडतं. वाजवणारा बदलला की थरही बदलावे लागतात.

स्वस्त शेकरचा स्वतःचा अनुनाद बऱ्याचदा 40 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मोकळ्या ई तारेच्या शेजारीच असतो. ई लागली की पाट उधळतो आणि जी तारेला ढिम्म राहतो. जोर वाढवून जी येत नाही, ई मात्र दात वाजवते. इक्वलायझरवर तेवढाच पट्टा खाली ओढा. वरचं 100–120 हर्ट्झपुढचं कापून टाका. कातडीला सगळ्यात सहज जाणवतो तो 200–250 हर्ट्झचा कंप. तो मोकळा सोडला तर बेस राहतो बाजूला आणि तळपायाला नुसत्या मुंग्या येतात.

पाट सूर मात्र शिकवत नाही. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिकेची बरीचशी श्रवणशक्ती लहानपणीच गेली, ती अनवाणी वाजवते आणि कंप अंगाने घेते. पण तिच्यामागे आयुष्यभराची साधना आहे. आपल्यासारख्याला पायातून ठोका कळतो, सूर कुठे सुरू झाला आणि कुठे तुटला ते कळतं. तार लावायची ती ट्यूनरवर किंवा कानानेच.

आता विजेचं, आणि इथे चेष्टा नको. आपली घरची वीज 50 हर्ट्झची. जी सूर 49 आणि जी शार्प 52, म्हणजे विजेची गुणगुण बरोबर दोघांच्या मधे, बेसच्या ऐन घरात बसते. स्पीकरमध्ये जी खपून जाते ती पाटातून तळव्यांना सतत लागते. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर तर आणखीच. अशा वेळी कुणीतरी जाणकार पुढे येऊन प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगतो. गुणगुण थांबतेही. पण तुम्ही अनवाणी उभे, हातात लोखंडी तारा, पावसाळ्यात स्टेज ओलं, आणि ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर करंटला जायला वाट तुमच्याच अंगातून. अर्थिंग तोडू नका. गिटारच्या सिग्नलच्या वायरीत ग्राउंड लिफ्टचा डीआय बॉक्स घाला, आणि बोर्डवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय पाटावर चढू नका.

मंडपात आणखी एक बघा. तिथल्या ॲम्प्लिफायरला मागे 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट असे स्क्रू असतात. घाईत चार ओहमच्या शेकरची वायर 100 व्होल्टच्या स्क्रूला गेली की शेकरचा किंवा ॲम्प्लिफायरचा जळका वास यायला वेळ लागत नाही. म्हणून वायर स्वतः लावावी, शेकरचा ॲम्प सगळ्यात शेवटी चालू करावा आणि सगळ्यात आधी बंद करावा. नाहीतर केबल काढताना बसणारा धक्का शेकरला आणि गुडघ्याला सारखाच लागतो.