हात धरू नका, हात द्या



संत योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. जन्मांध माणूस दिसताच शिष्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पापाचा : चूक त्याची की त्याच्या आईवडिलांची? दोघांचीही नाही, असे प्रभू त्यांना सांगतो. तरीही विशेष मुलाच्या आईला आजही तोच प्रश्न ऐकावा लागतो. फक्त शब्द बदलतात. दिवस गेले असताना ग्रहण पाहिलेस का? कोणाचा तळतळाट घेतलास का? विचारणाऱ्यांत आपणही असतो, आणि काही वेळा मिस्सा संपवून बाहेर पडता पडताच विचारतो.

म्हणून आधी थोडी माहिती करून घेऊ. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींमध्ये सर्वसाधारणपणे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या जोडीत एक जास्तीचे येते. फ्रान्समधील डॉ. जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५९ साली दाखवून दिले. लेज्यून निष्ठावंत कॅथलिक होते आणि त्यांचे पुढचे आयुष्य याच मुलांच्या सेवेत गेले. हा संसर्गाने होणारा रोग नाही आणि आईच्या वागण्याची शिक्षाही नाही. ही मुले सावकाश शिकतात, पण शिकतात. स्पेनमधील पाब्लो पिनेदा यांना डाऊन सिंड्रोम आहे. त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतली आणि २००९ साली सान सेबास्तियनच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिकही मिळवले.

सेरेब्रल पाल्सीची गोष्ट वेगळी. येथे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. मान हलते, शब्द अडखळतात, लाळ गळते. पण बुद्धी पुष्कळदा शाबूत असते. आपण मात्र त्या मुलाच्या देखत त्याच्या आईला विचारतो, “याला कळतं का हो?” त्याला कळलेले असते.

आपल्या देशात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे पाहताक्षणी न दिसणारे अपंगत्वही असते. मिस्सा चालू असताना कान झाकून ओरडणारे मूल वाह्यात असेलच असे नाही. स्पीकरचा आवाज त्याला खरोखरच सहन होत नसेल.

आता लुई ब्रेलकडे वळू. त्याच्या गोष्टीतला एक भाग आपण सहसा सांगत नाही. १८०९ साली पॅरिसजवळच्या कुव्रे गावी, घोड्यांचे खोगीर बनवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. तीन वर्षांचा असताना वडिलांची आरी हाताळताना ती डोळ्यात गेली, जखम चिघळली, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. गावच्या फादरांनी त्याला शिकवले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथे पुस्तके होती, पण कशी? डोळस लोकांचीच अक्षरे कागदावर उठवलेली. पुस्तके अवजड, वाचन अत्यंत संथ, आणि मुलांना स्वतःच्या हाताने काही लिहिता येत नसे. ज्यांनी ती केली त्यांचा हेतू चांगलाच होता. पण बोटाला काय सोपे वाटते हे त्यांनी बोटाला विचारले नव्हते!

शार्ल बार्बिए यांनी उठावदार टिंबांची एक पद्धत काढली होती. ती या शाळेत आली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत टिंबे होती. लुईने ती सहावर आणली, म्हणजे एका बोटाच्या टोकाखाली मावतील एवढी. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतेक तयार होती. सहा टिंबांतून ६३ खुणा होतात. अक्षरे, आकडे, संगीतसुद्धा त्यात बसते. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवू लागला. पण त्याच्या हयातीत शाळेच्या एका संचालकाने या लिपीला बंदी केली. डोळसांना वाचता येणार नाही अशी लिपी हवी कशाला, हा विचार. मुलांनी ती चोरून चालू ठेवली. शाळेने अधिकृतपणे ती स्वीकारली १८५४ मध्ये. तोवर लुईला क्षयाने जाऊन दोन वर्षे झाली होती. त्याच्या द्विशताब्दीला, २००९ साली, भारत सरकारने दोन रुपयांचे नाणे काढले. घरच्या डब्यात जुनी नाणी असतील तर शोधून पाहा.

मी स्वतः हीच चूक केली आहे. एका रविवारी एका अंध काकांचा दंड धरून मी त्यांना जवळजवळ ओढतच पहिल्या बाकावर नेले. ते शांतपणे म्हणाले, “बाळा, मला मागे बसायचं होतं. आणि हात तू धरू नकोस, तुझं कोपर मला धरू दे.” तेव्हा कुठे मला समजले. त्यांनी आपला हात धरला म्हणजे पायरी कुठे आहे, वळण कुठे आहे हे आपल्या चालण्यावरून त्यांना कळते. आपण धरला की ते निव्वळ ओझे होतात.

आपल्या मराठी मातीतले मुरलीकांत पेटकर सर्वांना माहीत असायला हवेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, उपचार म्हणून पोहू लागला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री आली ती २०१८ मध्ये. अशा माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडे. फक्त शेजारच्या लंगड्या मुलाला “बघ, पेटकर बघ” असे सुनावू नये. त्याला पदक नको असेल, चर्चच्या पायऱ्यांना धरायला कठडा हवा असेल.

पहिल्या कम्युनियनच्या वर्गाबाबत एक विनंती. आपले मूल विशेष आहे म्हणून नाव देऊ की नको, या विचारात असलेल्या पालकांनी नाव जरूर द्यावे. मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, थकल्यावर ते काय करते, हे एका कागदावर लिहून धर्मशिक्षकांकडे द्यावे. बाकीच्या मुलांच्या पालकांनी घरी आपल्या मुलांना त्याचे नाव शिकवून ठेवावे.